स्लोव्हाक लग्नातलं ‘चेपचेन्ये’: नवरीला टोपी घालण्याचा विधी कसा करावा

स्लोव्हाकियातल्या खेड्यात चर्चमध्ये लग्न लागलं, तरी जुन्या रीतीनुसार मुलीची ‘बाई’ होते ती मध्यरात्री. तिच्या डोक्यावरचा पार्ता, म्हणजे कुमारिकेचा मुकुट, उतरवून तिला विवाहितेची टोपी घालतात. पांढऱ्या गाऊनमध्ये लग्न करणारी जोडपीही आज हा विधी हौसेनं करतात. करायचाच तर नीट करावा.

१. आधी पोशाख. क्रोय, म्हणजे पारंपरिक पोशाख, गावागणिक बदलतो; चिच्मानीचं भरतकाम वेगळं, देत्वाचं वेगळं. झगा एका गावचा आणि टोपी दुसऱ्या गावची, असं करू नका. दुकानात सुंदर दिसेल ती टोपी घेण्यापेक्षा घरातल्या जुन्या पेट्या उघडा, गावच्या लोकनृत्य मंडळाला विचारा. मार्टिन शहरातल्या लोकजीवन संग्रहालयात जुने नमुने बघायला मिळतात.

२. विधी विवाहित बायकांनीच करायचा. पुढाकार बहुधा नवरीच्या धर्ममातेचा, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेल्या आईचा. करवल्यांनी बाजूला उभं राहून गाण्यात साथ द्यावी. पाहुण्या म्हणून जाणाऱ्या विवाहितांनी पार्ता घालू नये. तो फक्त अविवाहित मुलींचा.

३. बाराच्या सुमारास नाच थांबवून मधोमध खुर्ची ठेवा, नवरीला बसवा. आता घाई नको. फोटोसाठी पार्ता झटकन ओढून काढलेला मला अजिबात पटत नाही. एकेक पिन सोडवा, वेणी उकला, केस विंचरा. भोवती बायकांचं गाणं चालूच राहू द्या. पूर्वी लग्न झालेली बाई चारचौघांत उघड्या केसांनी वावरत नसे. म्हणजे तिचे मोकळे केस सगळ्यांना दिसायचे ते शेवटचेच. ही गाणी इतकी हळवी का, आणि आईला रडू का फुटतं, ते यावरून कळतं.

४. केसांचा अंबाडा घालून त्यावर टोपी बसवा. काही भागांत नवरी दोनदा टोपी भिरकावते आणि तिसऱ्यांदा घालू देते. तुमच्याकडे तशी रीत असेल तर नवरीला आधी सांगून ठेवा, आणि पिना तिसऱ्या वेळीच लावा.

५. लगेच ‘रेदोवी’ नाच. पाहुणे ताटलीत पैसे टाकून नवरीबरोबर थोडा थोडा वेळ नाचतात. शेवटी नवरदेव येतो आणि तिला घेऊन जातो. जमलेले पैसे नव्या संसाराला.