बॅकअपसाठी बूटलोडर अनलॉक करताना या चुका टाळा

अँड्रॉइड फोनवर प्रत्येक ॲपला केवळ स्वतःचाच डेटा वाचता येतो आणि फोनच्या मालकालाही तो सहजासहजी बाहेर काढता येत नाही. अँड्रॉइड ६ पासून गूगल आपोआप घेत असलेल्या बॅकअपमध्ये एका ॲपला २५ एमबीची मर्यादा असते, शिवाय एखादे ॲप त्यात घ्यायचे की नाही हे ते बनवणारा ठरवतो. संगणकावरून ‘एडीबी बॅकअप’ घेण्याची जुनी सोयही अँड्रॉइड १२ पासून बहुतेक नव्या ॲपसाठी निरुपयोगी झाली आहे. त्यामुळे बूटलोडर (फोन सुरू करणारा, कंपनीने कुलूपबंद ठेवलेला प्रोग्राम) अनलॉक करून, फोन रूट करून (म्हणजे सिस्टीमचे पूर्ण अधिकार मिळवून) आपला डेटा आपणच सांभाळावा असे वाटणे अगदी रास्त आहे. मात्र अनलॉक होताना फोनमधील सगळा डेटा पुसला जातो, हे अनेकांना तो पुसला गेल्यावरच कळते.

अनलॉक आधी, बॅकअप नंतर

ही सर्वांत मोठी चूक आहे. डेटा पुसला जाणे हा बिघाड नसून मुद्दाम केलेली व्यवस्था आहे, कारण तसे नसते तर चोरलेला फोन अनलॉक करून कोणालाही त्यातील माहिती वाचता आली असती. अंतर्गत स्टोरेजमधील फोटो, व्हिडिओ आणि डाउनलोडसुद्धा यात जातात. म्हणून फोन नवा आणि रिकामा असतानाच अनलॉक करणे उत्तम. वापरातला फोन असेल, तर आधी सर्व फायली संगणकावर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात आणि त्यांपैकी काही तिथे उघडून पाहाव्यात. व्हॉट्सॲपचा स्थानिक बॅकअप ‘अँड्रॉइड’ फोल्डरमधील ‘मीडिया’त असतो, तोही वेगळा कॉपी करावा, एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप सुरू असेल, तर त्याचा पासवर्ड किंवा ६४ अंकी-अक्षरी की हाताशी असल्याशिवाय पुढे जाऊ नये. ऑथेंटिकेटर (लॉगिनचे कोड देणारे ॲप) मधील खाती दुसऱ्या फोनवर हलवावीत. गूगल खात्याचा पडताळणी कोड याच फोनवर येत असेल, तर खात्याचे बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवावेत, अन्यथा पुसलेल्या फोनमध्ये स्वतःच्याच खात्यात शिरता येणार नाही.

‘ओईएम अनलॉकिंग’ दिसते, पण दाबता येत नाही

बूटलोडर अनलॉक करण्याची परवानगी देणारा हा पर्याय डेव्हलपर सेटिंग्जमध्ये असतो. तो निष्क्रिय दिसत असेल, तर फोन इंटरनेटला जोडून पाहावा. अमेरिकेतील नातेवाइकांनी व्हेरायझनसारख्या सेवा कंपनीकडून घेऊन पाठवलेल्या पिक्सेल फोनवर तो सहसा निष्क्रियच राहतो. अशा फोनचे सिम-लॉक निघाले म्हणून बूटलोडर उघडत नाही, कारण ही दोन कुलुपे वेगवेगळी आहेत. शाओमीच्या फोनवर खाते जोडल्यानंतर ठरावीक काळ थांबावे लागते, आणि तो चुकवून देण्याचा दावा करणाऱ्या अनोळखी सॉफ्टवेअरला खात्याचा पासवर्ड देणे धोक्याचे आहे. सॅमसंगच्या फोनमध्ये अनधिकृत सॉफ्टवेअर टाकताच नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज (बदल झाल्याची हार्डवेअरमधील खूण) कायमचा उडतो आणि सिक्युअर फोल्डर पुन्हा चालत नाही, मग मूळ सॉफ्टवेअर परत टाकले तरीही.

टीडब्ल्यूआरपीचा बॅकअप म्हणजे सर्व काही, हा समज

टीडब्ल्यूआरपी या रिकव्हरीतून (अँड्रॉइड सुरू न करता चालणाऱ्या दुरुस्तीच्या सोयीतून) ‘डेटा’ विभागाचा बॅकअप घेतला, तरी त्यात अंतर्गत स्टोरेजमधील फोटो आणि कागदपत्रे येत नाहीत. शिवाय तो बॅकअप मुळात त्याच फोनच्या स्टोरेजमध्ये साठवला जातो, म्हणजे पुढचा ‘फॉरमॅट डेटा’ त्यालाही घेऊन जातो. रिकव्हरीत फोल्डरची नावे निरर्थक अक्षरांची दिसत असतील, तर डेटा खराब झाला असे समजून घाईने फॉरमॅट करू नये. स्क्रीन लॉकचा पिन दिला गेलेला नसतो किंवा त्या फोनचे एन्क्रिप्शन रिकव्हरीला उलगडत नाही, इतकाच त्याचा अर्थ असतो. फोन नेहमीप्रमाणे सुरू करून फायली बाहेर काढाव्यात.

सगळ्याच ॲपचा डेटा परत टाकणे

रूट केल्यावर स्विफ्ट बॅकअप किंवा निओ बॅकअप या ॲपने इतर ॲपचा डेटा खरोखरच पूर्ण घेता येतो, आणि खेळ, टिपणे, वाचन यांच्या ॲपसाठी हे फार उपयोगी आहे. पण काही ॲप आपला डेटा ज्या कीने बंद करतात, ती फोनच्या हार्डवेअरमध्ये असते आणि तिथून बाहेर काढता येत नाही. त्यामुळे फोन पुसल्यानंतर किंवा बदलल्यानंतर सिग्नल (संदेशांचे ॲप), बँक आणि यूपीआय यांच्या ॲपचा जुना डेटा परत टाकल्यास ती बहुधा उघडताच बंद पडतात. तो डेटा पुसून ॲप नव्याने नोंदवावे लागते. सिग्नलसाठी त्याची स्वतःची बॅकअप सोय वापरावी. सिस्टीम ॲपचा डेटा दुसऱ्या आवृत्तीवर टाकणे तर पूर्णपणे टाळावे, कारण त्यातून फोन सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते.

बूटलोडर उघडा असल्याचे प्ले इंटिग्रिटी या गूगलच्या तपासणीत कळते आणि अनेक बँका अशा फोनवर ॲप चालू देत नाहीत. घरातील सर्व पैशांचे व्यवहार ज्या एकाच फोनवरून होतात, तो फोन अनलॉक करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी जुना, दुय्यम फोन घ्यावा.

बूट इमेज आणि पुन्हा लॉक करणे

मॅजिस्क या ॲपने रूट करताना आपल्या फोनमध्ये असलेल्या नेमक्या बिल्डचीच (सॉफ्टवेअर आवृत्तीचीच) बूट इमेज, म्हणजे फोन सुरू होताना लागणारी फाइल, पॅच करावी (बदलावी). मूळ अँड्रॉइड १३ सह आलेल्या अनेक फोनवर ‘बूट’ऐवजी ‘इनिट बूट’ इमेज लागते. मूळ, न बदललेली प्रत संगणकावर जपून ठेवल्यास, फोन लोगोवर अडकला तरी फास्टबूटमधून (संगणकाला जोडून सॉफ्टवेअर टाकण्याच्या स्थितीतून) ती परत टाकून डेटा न गमावता तो बहुधा सुरू करता येतो. काम झाल्यावर सुरक्षेसाठी बूटलोडर लॉक करण्याची इच्छा होते, परंतु बदललेली सिस्टीम फोनवर असताना तसे केल्यास फोन कायमचा बंद पडू शकतो. पिक्सेलवरील ग्राफीनओएस ही पर्यायी सिस्टीम हा एक अपवाद आहे, कारण ते टाकल्यावर पुन्हा लॉक करणे हा त्याच्या अधिकृत पद्धतीचाच भाग आहे. इतरांनी आधी कंपनीचे मूळ सॉफ्टवेअर संपूर्ण टाकावे, फोन सुरू होतो याची खात्री करावी आणि मगच लॉक करावा. त्या वेळीही डेटा पुन्हा पुसला जातो.