नव्या गाडीतील बिघाड आणि वॉरंटी: तक्रार कशी नोंदवावी

नव्या गाडीतला बिघाड वॉरंटीत दुरुस्त होतो की नाही, हे पुष्कळदा जॉब कार्डवर, म्हणजे गाडी सर्व्हिस केंद्रात देताना तक्रार नोंदवतात त्या कागदावर, काय लिहिले गेले यावर ठरते. तोंडी सांगितलेली तक्रार काउंटरवरच विरून जाते. म्हणून सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने ती आपण सांगितलेल्या शब्दांतच लिहून घेईपर्यंत गाडीची किल्ली त्याच्या हाती देऊ नये.

‘गाडीतून आवाज येतो’ एवढे लिहून मेकॅनिकच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी ‘स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवून गाडी हळू पुढे घेतली की डाव्या पुढच्या चाकाकडून कटकट आवाज येतो, सरळ रस्त्यावर येत नाही’ असे नोंदवले, तर तपासणी थेट चाकाला फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या सीव्ही जॉइंटपासून (वळतानाही शाफ्ट फिरता ठेवणाऱ्या सांध्यापासून) सुरू होते. हाच आवाज केवळ गतिरोधकावरून जाताना येत असेल, तर संशय सस्पेंशनच्या बुश (रबरी गादी) आणि लिंक (जोडदांडा) यांच्याकडे जातो. इंजिन थंड असतानाच जाणवणारा दोष असेल, तर गाडी आदल्या संध्याकाळी केंद्रात ठेवून सकाळी आपल्यासमोरच सुरू करायला सांगावी, कारण चालवत नेलेल्या तापलेल्या इंजिनात तो दिसणारच नाही. अधूनमधून उद्भवणाऱ्या दोषाचा व्हिडिओ, त्यात डॅशबोर्डवरील किलोमीटरचा आकडा दिसेल अशा रीतीने, काढून ठेवावा.

चेक इंजिनचा दिवा लागल्यास बॅटरीची वायर काढून किंवा बाजारातला स्कॅनर लावून तो घालवण्याचा मोह टाळावा. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये दोषाच्या कोडबरोबर त्या क्षणीचा वेग, इंजिनचे फेरे आणि तापमान साठवलेले असते. उदाहरणार्थ ‘पी ०३०१’ हा कोड पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर झाल्याचे, म्हणजे इंधन नीट न जळल्याचे, सांगतो. कोड पुसला की हा पुरावाही जातो. दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर तीव्र असून धुरातील विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होण्याचा धोका असतो, आणि ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागल्यास सुरक्षित जागी तत्काळ थांबून इंजिन बंद करावे. इशारा दिसूनही गाडी चालवत राहिल्याचे कारण दाखवून कंपनी पुढचे नुकसान नाकारू शकते.

वॉरंटीची पुस्तिका पहिल्याच आठवड्यात वाचावी. वॉरंटी मुख्यतः निर्मितीतील दोषांसाठी असते; ब्रेक पॅड, क्लच प्लेट आणि वायपर यांची नेहमीची झीज सहसा तिच्या बाहेर राहते, तर टायर व बॅटरीसाठी अनेकदा त्यांच्या उत्पादकांची स्वतंत्र वॉरंटी असते. मुदत वर्षे किंवा किलोमीटर यांपैकी जे आधी पूर्ण होईल त्यावर संपते. सर्व्हिसिंगच्या पावत्या, त्यांवरील ऑइलच्या ग्रेडसह, जपून ठेवाव्यात. बाहेरून दिवे किंवा हॉर्न बसवताना वायरिंग कापले असेल तर दावा अडतो. तरीही त्या जोडणीमुळे नेमका कोणता भाग कसा बिघडला, हे लेखी मागावे, कारण बाहेरून लावलेल्या हॉर्नचा गिअरबॉक्सच्या आवाजाशी संबंध जोडणे मला अन्यायाचे वाटते.

‘या मॉडेलला असेच असते’ हे सर्वांत निराश करणारे उत्तर आहे. ते ऐकल्यावर वाद घालण्यापेक्षा त्याच मॉडेलची दुसरी गाडी चालवून तुलना करू द्यावी, असा आग्रह धरावा आणि या दोषाबद्दल कंपनीने तांत्रिक सूचना किंवा सॉफ्टवेअर अपडेट काढले आहे का, ते विचारावे. कंपनीने दोषामुळे गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या आहेत का, म्हणजे रिकॉल, हेही १७ अक्षरांच्या चासिस नंबरवरून तपासता येते. तरीही नकार मिळाला तर त्याचे कारण जॉब कार्डवर लिहून घ्यावे, कंपनीच्या ग्राहक सेवेकडून तक्रार क्रमांक घ्यावा आणि गाडी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत केंद्रात होती, याची नोंद ठेवावी. पुढे ग्राहक कायद्याचा आधार घ्यावा लागलाच तर हीच कागदपत्रे उपयोगी पडतात.

दुरुस्तीनंतर चाचणी घेतल्याशिवाय समाधानपत्रावर सही करू नये, आणि दोष शिल्लक असल्यास सहीशेजारीच तसे लिहावे. मुदत संपत आली असेल तर किरकोळ वाटणारा आवाजही त्याआधी नोंदवून घ्यावा, कारण तोच दोष नंतर वाढला तर तो मुदतीतलाच आहे, हे दाखवायला ती नोंद हाताशी राहते.