मोबाइलच्या बातमीतून मुलांचं गणित कसं घ्यावं

सुताराला मी सांगितलं होतं, "टीव्ही 55 इंचाचा आहे, कप्पा 56 इंच रुंद ठेवा." त्याने ठेवला. टीव्ही आला, भिंतीवर चढला आणि दोन्ही बाजूंना चार-चार इंचांच्या फटी राहिल्या. नववीतली भाची शेजारी उभी होती. तिने शांतपणे विचारलं, "मामा, 55 हा कर्ण असतो ना?"

असतो. तिला पायथागोरस पाठ होता, मलाही एके काळी होता. फरक एवढाच, की तिने तो टीव्हीला लावला आणि मी बोर्डाच्या पेपरातच सोडून आलो. गणित शिकवण्यावर आपल्याकडे वाद कमी नाहीत. 2019 साली दुसरीच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'साठी 'साठ तीन' अशी वाचायची पद्धत आली तेव्हा गल्लोगल्ली तज्ज्ञ उगवले होते. पण त्रेसष्ट म्हणा की साठ तीन म्हणा, सातवी ते दहावीत शिकलेलं गणित वापरायचं कुठे, हे त्या पोराला कोण सांगतं? त्यासाठी वेगळं पुस्तक लागत नाही. रोज येणारी नव्या फोनची, टीव्हीची, पॉवर बँकेची बातमी पुरते. ती कशी वापरायची, ते खाली लिहितो.

आधी एक नियम ठरवा

आठवड्यातून एकदा, वीस मिनिटं. एकच बातमी किंवा जाहिरात घ्यायची आणि तिच्यात न छापलेला एक आकडा काढायचा. छापलेला तर सगळेच वाचतात. कंपनी फोनचा पडदा 6.7 इंच छापते, पडद्याची रुंदी छापत नाही. किंमत ठळक छापते, त्यातला कर बारीक अक्षरात किंवा कुठेच नाही. हा नियम मुलांना फार आवडतो, कारण कुणीतरी काहीतरी लपवलंय आणि ते आपण शोधतोय, असं वाटतं. बऱ्याचदा ते खरंही असतं.

साहित्य म्हणाल तर वही, पेन्सिल, कंपासपेटीतली पट्टी आणि आलेखाचा कागद. फोनवरचा कॅल्क्युलेटर शेवटी, पडताळ्यापुरता.

पडद्यापासून सुरुवात करा

घरातलाच फोन घ्या. समजा, त्याच्या खोक्यावर 6.7 इंच लिहिलंय. मुलाच्या हातात पट्टी द्या आणि म्हणा, हे खरं आहे का ते सांग. पहिली गंमत इथेच होते. पट्टी 15 सेंटीमीटरची आणि कर्ण त्याहून मोठा! पट्टी पुरत नाही. लांबीलाही अर्ध्या सेंटीमीटरने कमीच पडते, पण तेवढं खूण करून मोजता येतं. आमच्याकडे लांबी आली 15.5 आणि रुंदी 7. आता कर्ण न मोजता काढायचा. 15.5 चा वर्ग 240.25, सातचा 49, बेरीज 289.25. भाची इथे थबकली आणि हसली, कारण 289 म्हणजे सतराचा वर्ग, हे तिला पाठ होतं. 17 सेंटीमीटर भागिले 2.54, म्हणजे 6.69 इंच. कंपनी खरं बोलत होती. (पडद्याचे कोपरे गोल असतात. कर्ण मात्र कोपरे चौकोनी धरून मोजलेला असतो, हे खाली तारांकित बारीक ओळीत सापडतं. मुलाला ती ओळ शोधायला लावा.)

आता उलटं करा. बातमीत '20:9' असं गुणोत्तर दिलेलं असतं. नववीतला 'गुणोत्तर व प्रमाण' हा धडा नेमका इथे बसतो. बाजू 20x आणि 9x, तर कर्ण म्हणजे 481 चं वर्गमूळ गुणिले x. ते वर्गमूळ साधारण 21.93. त्यावरून 6.7 इंची फोनच्या पडद्याची रुंदी निघते पावणेतीन इंच आणि लांबी सहा इंच एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार रोज वापरतो, पण शाळेच्या पुस्तकात त्याला जागा नाही. फोन एका हातात मावेल का, हे ठरवते ती रुंदी, 6.7 नव्हे.

टीव्हीसाठी गुणोत्तर 16:9. माझ्या 55 इंची टीव्हीचा पडदा 48 इंच रुंद आणि 27 इंच उंच आहे, हे मी कप्पा बनवून झाल्यावर शिकलो. आणि यातली खरी मेख पुढे आहे. 43 आणि 55 इंचांत फरक किती? मुलं म्हणतात, सव्वापटीच्या थोडं वर. मग दोघांचं क्षेत्रफळ काढायला लावा: एकाचं साधारण 790 चौरस इंच, दुसऱ्याचं 1292. म्हणजे पडदा दीडपटीहूनही मोठा! दहावीत 'समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर संगत बाजूंच्या वर्गांच्या गुणोत्तराएवढे असते' हे प्रमेय सिद्धतेसकट घोकून घेतात. चौकोनालाही तोच न्याय. 55 ला 43 ने भागा आणि वर्ग करा, 1.64 येतं. प्रमेय टीव्हीच्या दुकानात सुटलं.

जीबी कुठे गेले ते शोधा

भाचीने 64 जीबीचा पेन ड्राइव्ह विंडोजच्या कॉम्प्युटरला लावला तर त्यावर 59.6 जीबी दिसले. "मामा, दुकानदाराने साडेचार जीबी चोरले." हे वाक्य घरात ऐकू आलं, की तो दिवस वाया घालवू नका.

चोरी झालेली नाही. खोक्यावरचा जीबी म्हणजे दहाचा नववा घात, सरळ शंभर कोटी बाइट. विंडोज मोजतं ते दोनाच्या घातांत: 1024 बाइटचा एक केबी, 1024 केबींचा एक एमबी, 1024 एमबींचा एक जीबी. 1998 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरवणाऱ्यांनी या दुसऱ्या मापाला 'गिबी' असं वेगळं नावही दिलं, पण विंडोज अजून जीबीच लिहितं. गोंधळ तिथला आहे.

इथवर मुलं ऐकून घेतात. पुढचा प्रश्न मात्र त्यांना करायला द्या: केबीत फरक फक्त 2.4 टक्के, मग जीबीत सात टक्क्यांवर कसा गेला? थोडा वेळ गप्प बसा. आठवीचं चक्रवाढ व्याज आठवलं तर उत्तम, नाही तर सूत्र तुम्ही काढून दाखवा. दर 2.4 टक्के, मुदत तीन. 1.024 चा घन केला की 1.0737 येतात. म्हणजे 7.37 टक्के. मुदत चार घेतली की टेराबाइट, फरक जवळजवळ दहा टक्के. म्हणूनच एक टेराबाइटची हार्ड डिस्क 931 जीबी दाखवते. व्याजाचं सूत्र आणि बँकेचा काही संबंध नाही, वाढीवर वाढ असली की ते लागतं, हे पोराला उमगतं तो क्षण पाहण्यासारखा असतो. मला ते चाळिशीत उमगलं, असो.

नेटच्या वेगाचं गणित याच वर्गातलं, पण सोपं: '100 एमबीपीएस'मधला बी बिटचा, फाइलमधला बाइटचा. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून आठने भागा. दोन जीबीची फाइल सेकंदाला साडेबारा एमबीच्या वेगाने उतरायला अडीच मिनिटांच्या वर लागतात, वीस सेकंद नाही.

पॉवर बँक पालथी करा

20,000 एमएएचची (मिलीअँपिअर-अवर, बॅटरीच्या क्षमतेचं माप) पॉवर बँक, 5,000 एमएएचचा फोन. किती वेळा चार्ज होईल? चार, असं उत्तर आलं तर मुलाचा भागाकार बरोबर आहे आणि उत्तर चूक. पॉवर बँक पालथी करा, मागचा बारीक मजकूर टॉर्च मारून वाचायला सांगा. तिथे 3.7 व्होल्ट लिहिलेलं असतं आणि बहुधा 74 वॅटअवरही. वॅटअवर म्हणजे ऊर्जेचं माप: 20 अँपिअर-अवर गुणिले 3.7 व्होल्ट. आतली बॅटरी 3.7 व्होल्टची, बाहेर पुरवठा 5 व्होल्टने. ऊर्जा तीच राहते, म्हणून व्होल्ट वाढले की एमएएच घटतात. व्यस्त प्रमाण! 74 भागिले 5, म्हणजे 14.8 अँपिअर-अवर, अर्थात 14,800 एमएएच. त्यातही काही ऊर्जा उष्णतेत जाते. बऱ्याच पॉवर बँकांवर तिसऱ्या-चौथ्या ओळीत 'रेटेड' म्हणून 12,000 च्या आसपासचा आकडा स्वतः कंपनीनेच छापलेला असतो. तोच खरा.

पोराला विमानाचं वेड असेल तर आणखी एक प्रश्न द्या. विमानात विनापरवानगी नेता येणाऱ्या पॉवर बँकेची मर्यादा 100 वॅटअवर आहे. 3.7 ने भागून किती एमएएच येतात ते काढू दे. 27,000. बाजारातल्या बऱ्याच मोठ्या पॉवर बँका 27,000 च्या आसपासच का थांबतात, याचं उत्तर त्याला तुमच्या आधी सापडेल.

'20 मिनिटांत 50 टक्के' हे आलेखावर काढा

त्रैराशिक मांडलं, तर 40 मिनिटांत शंभर. तसं होत नाही. लिथियम बॅटरी रिकामी असताना भराभर घेते आणि भरत आली की विद्युतप्रवाह कमी करत न्यावा लागतो. हे सांगू नका, करून पाहू द्या. फोन दहा टक्क्यांवर आला की चार्जिंगला लावा आणि दर पाच मिनिटांनी टक्के वहीत लिहायला सांगा. मग आलेख. सुरुवातीला रेषा सरळ चढते, ऐंशीच्या पुढे वाकून लोळते. शाळेतल्या रेषीय समीकरणांचे आलेख नेहमी सरळ येतात, त्यामुळे ही वाकडी रेषा पाहून 'माझं चुकलं' असं मुलाला वाटतं. चुकलेलं नाही, हे ठासून सांगा. त्रैराशिक कुठे लावायचं नाही हे शाळेत क्वचितच शिकवतात.

आलेख आलाच आहे तर बातमीतले स्तंभालेखही तपासा. जुन्या फोनचा स्तंभ बुटका, नव्याचा दुप्पट उंच, आणि खाली पाहावं तर अक्ष शून्याऐवजी 80 पासून सुरू.

सगळ्याच आकड्यांत गणित नसतं, हेही एकदा सांगून टाका. '3 नॅनोमीटर चिप' यातला तीन आता कशाचंही मोजमाप नाही, पिढीचं नाव आहे. त्यावर भागाकार-गुणाकार करण्यात अर्थ नाही.

शेवटी किंमत

इथे घाई करू नका. हा भाग सगळ्यात कामाचा आहे.

पहिलं, कर. फोनवर जीएसटी 18 टक्के आहे, एप्रिल 2020 पासून. फोन 23,599 रुपयांना, करासकट. कर किती? मुलं फोनच्या कॅल्क्युलेटरवर 23,599 वजा 18 टक्के असं दाबतात आणि 19,351 मिळवतात. मोठी माणसंही हेच करतात. कर छापील किमतीवर नाही, मूळ किमतीवर लागलाय. म्हणून 1.18 ने भागायचं: मूळ किंमत 19,999, कर 3,600. मूळ किमतीत साडेसहाशे रुपयांचा फरक. दहावीच्या 'अर्थनियोजन' धड्यात हे उदाहरण असतंच, पण स्वतःच्या घरच्या बिलावर केलेलं विसरत नाही.

दुसरं, 'नो कॉस्ट ईएमआय'. फोन 24,000 चा, सहा हप्ते, प्रत्येकी 4,000. व्याज शून्य? बँक वर्षाला 15 टक्के लावत असेल तर ती तुमच्या नावावर 22,984 चंच कर्ज टाकते. उरलेले 1,016 रुपये विक्रेत्याने 'सूट' म्हणून दिलेले असतात आणि बँक ते व्याज म्हणून घेते. तुमच्या खिशातून काय जातं? त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी, 183 रुपये. शिवाय प्रक्रिया शुल्क आणि त्यावरही कर. 'नो कॉस्ट'ची किंमत ती.

1,016 कुठून आले, हे वहीत काढायला लावा. सरळव्याजाचं सूत्र लावलं तर सहा महिन्यांचे 1,724 येतात आणि पोरगं म्हणतं, बँक चुकली. मुद्दल दर महिन्याला घटतंय, हे त्याला दिसायला हवं. चार रकाने आखा: शिल्लक मुद्दल, व्याज, हप्ता, फिटलेलं मुद्दल. महिन्याचा दर सव्वा टक्का. पहिल्या महिन्याला 22,984 वर व्याज 287, म्हणजे 4,000 मधले 3,713 मुद्दलात गेले आणि राहिले 19,271. दुसऱ्याला व्याज 241. मग 194, 146, 98 आणि शेवटच्याला 49. व्याजाच्या रकान्यात फक्त रुपये लिहिलेत, म्हणून बेरीज 1,015 येते. पैसेही लिहिले की 1,016 भरतात.

सहाव्या ओळीत शिल्लक शून्यावर आली पाहिजे. एक-दोन रुपये इकडेतिकडे झाले तर ते पैसे सोडून दिल्यामुळे, त्याहून जास्त उरले तर वजाबाकी कुठेतरी घसरली आहे. भाचीच्या वहीत दहा रुपये उरले होते. तिसऱ्या महिन्यात हातचा विसरली होती.