‘लक्ष देऊन कर’ म्हणणं थांबवा : मूल अडल्यावर आपण करतो त्या चुका

५०२ वजा २३७. तिसरी-चौथीच्या वर्गात हे गणित फळ्यावर लिहा आणि वह्या गोळा करा. उत्तर २६५. पण चुकलेल्या वह्या बाजूला काढल्या, तर एकीत ३३५ असेल, दुसरीत २७५, तिसरीत २६६. तिन्हींवर लाल फुली पडते आणि तिन्हींखाली एकच शेरा : लक्ष देऊन कर.

आता जरा नीट बघा. ३३५ लिहिणाऱ्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय. दोनातून सात जात नाहीत ना, मग सातातून दोन काढले. त्याला हातच्याची वजाबाकी कळलेलीच नाही. २७५वाल्याने शतकाकडून उसनं घेतलं, दशकाच्या घरात दहा मांडले, त्यातला एक एककाला दिला. पण दिल्यावर दहाचे नऊ राहिले, हे विसरला. मधे शून्य आलं की हे हमखास होतं. आणि २६६वाल्याला सगळं येतं, बारातून सात काढताना त्याची घाई झाली. ‘लक्ष देऊन कर’ हा सल्ला फक्त त्या शेवटच्याच्या कामाचा. पहिल्याने कितीही लक्ष दिलं, तरी पुन्हा ३३५च येणार. असं चार वेळा झालं की तो म्हणतो, "बाई, मला गणित येतच नाही." आणि पालकसभेत आपण सांगतो, मुलात चिकाटी नाही.

वीसेक वर्षं पाचवी ते आठवीला गणित शिकवल्यावर माझं मत असं झालंय की चिकाटीला आपण उगाच स्वभावाच्या खात्यात टाकतो. अडल्यावर पुढे काय करायचं हे ज्याला ठाऊक असतं, ते मूल टिकतं. ज्याला ठाऊक नसतं, ते वही मिटतं आणि पाणी प्यायला जातं. खालच्या चुका मी स्वतः केल्या आहेत. काही अजूनही होतात.

अडल्याबरोबर पेन्सिल हातात घेणं

घरातलं नेहमीचं दृश्य. रात्रीचे साडेआठ, कुकरची शिट्टी होतेय, मूल गणितावर अडलंय आणि आईला (किंवा बाबांना) उद्याचा डबा दिसतोय. "दे इकडे, हे बघ, असं." दोन ओळींत गणित सुटतं. मूल मान हलवतं. दुसऱ्या दिवशी वर्गात तेच गणित आकडे बदलून आलं की कोरं.

मान हलवणं आणि कळणं यात बरंच अंतर आहे, हे शिक्षकांनाही कळायला वेळ लागतो. मनू कपूर या संशोधकाने सिंगापूरच्या शाळांत उलटा प्रयोग करून पाहिला. आधी शिकवायचं नाही. अवघड प्रश्न द्यायचा, मुलांना गटात झगडू द्यायचं. उत्तरं बहुतेक चुकायची. त्यानंतर शिक्षकाने शिकवायचं. आधी शिकवून मग सराव दिलेल्या मुलांपेक्षा या मुलांना संकल्पना जास्त पक्की कळली. मात्र यातला ‘त्यानंतर शिक्षकाने शिकवायचं’ हा भाग गाळू नका. काही पालक एवढं वाचून मुलाला विहिरीत ढकलतात आणि काठावर बसून म्हणतात, पोहेल हळूहळू.

मी दोन प्रश्न विचारते. "कुठपर्यंत आलं?" आणि "यापेक्षा सोपं, याच्यासारखं कोणतं येतं?" पहिल्याने मुलाला कळतं की सगळंच अडलेलं नाही. दुसऱ्याने हाताशी काहीतरी लागतं.

अपूर्णांकांचं उदाहरण घ्या. १/२ + १/३ = २/५. पाचवी-सहावीतली ही सर्वांत लाडकी चूक : वरचे वरच्यात, खालचे खालच्यात. इथे ‘छेद समान करायचे असतात, किती वेळा सांगितलं’ म्हणून उपयोग नाही. विचारा : अर्धी भाकरी खाल्लीस, वर आणखी तिसरा हिस्सा खाल्लास. मग एकूण अर्ध्यापेक्षा जास्त खाल्लीस की कमी? "जास्त." आणि दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? इथे बहुतेक मुलं थांबतात. चेहऱ्यावर जे दिसतं, त्यासाठी मी या नोकरीत आहे. आपलं उत्तर खोटं आहे हे मुलाने स्वतः पकडलेलं असतं. छेद समान करण्याची गरज त्यानंतर पटते.

वेळ नसेल तर? तर तसं सांगा. "आत्ता मला स्वयंपाक आहे, जिथे अडलंय तिथे पेन्सिलने खूण कर, नऊला बघू." हे उत्तर सांगण्यापेक्षा बरं. वहीत एक न सुटलेलं गणित घेऊन मूल शाळेत गेलं तर आकाश कोसळत नाही. उलट गृहपाठाची वही निर्दोष असली की मला कळतच नाही, वर्गात काय शिकवायचं राहिलंय.

‘हुशार माझा बाळ’

१९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. मुलांना सोपी कोडी दिली. काहींना म्हटलं, तू हुशार आहेस. काहींना म्हटलं, मेहनत केलेली दिसते. मग अवघड कोडी दिली, सगळ्यांचीच दांडी उडाली. शेवटी पुन्हा पहिल्याइतकीच सोपी कोडी. ज्यांना ‘हुशार’ म्हटलं होतं, त्यांची कामगिरी पहिल्यापेक्षा घसरली. मेहनतीचं कौतुक झालेल्यांची सुधारली. दुसऱ्या मुलांना आपले गुण कळवा म्हटल्यावर ‘हुशार’ गटातल्या बऱ्याच जणांनी गुण वाढवून सांगितले. मला त्या प्रयोगातलं हेच जास्त लागलं. हुशारीचा शिक्का टिकवायला मूल खोटं बोलायला शिकलं.

पण इथेही आपण दुसरी चूक करून ठेवली. भिंतींवर ‘प्रयत्नांती परमेश्वर’ची रंगीत पोस्टरं लागली, ‘मेहनतीने बुद्धी वाढते’ हे मनात ठसवणाऱ्या नुसत्या ‘मनोवृत्ती’च्या व्याख्यानांनी मुलं बदलतील अशी आशा धरली गेली. पुढच्या मोठ्या आढाव्यांत अशा उपक्रमांचा परिणाम सरासरीने बेताचाच निघाला. मला त्याचं नवल वाटत नाही. चुकीच्या पद्धतीने दोन तास झगडलेल्या मुलाला ‘छान मेहनत’ म्हणणं म्हणजे त्याला पुन्हा त्याच रस्त्याला लावणं. त्याऐवजी जे दिसलं ते सांगा : "पहिली रीत जमेना म्हणून आकृती काढलीस, तिथे सुटलं बघ." एवढं पुरे. काही दिसलंच नसेल, तर कौतुक करायची सक्ती नाही.

‘येत होतं, पण पेपरात आठवलं नाही’

हे वाक्य खोटं नसतं. मुलाला खरंच तसं वाटत असतं. धडा चार वेळा वाचला, प्रश्नोत्तरं दोनदा उतरवली, की पान ओळखीचं होतं आणि ओळखीचं म्हणजे आलं असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला लावला आणि दुसऱ्याला उतारा बाजूला ठेवून आठवेल ते लिहायला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. घरी आपण अभ्यास ‘घेतो’ तो पाच मिनिटांनंतरचा, परीक्षा असते आठवड्यानंतरची.

आपल्याकडे याचं एक जुनं रूप होतं : परवचा. तिन्हीसांजेला दिवा लागला की शुभंकरोती आणि मग पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी (पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे). पुस्तक नाही, पाटी नाही, रोज थोडं, आठवून. घोकंपट्टी म्हणून आपण त्याला हसलो, आणि अर्थ न कळता पावकी म्हणण्याला हसण्यासारखं होतंही. पण रोज, थोडं-थोडं, न बघता आठवणं हा त्यातला भाग आपण विनाकारण फेकून दिला. जेवताना विचारा : आज इतिहासात काय झालं? पुस्तक न आणता सांग. अडखळू दे. नंतर पुस्तक उघडून काय राहिलं ते त्यानेच शोधावं.

सरावसंचाचंही असंच. एका पानावर सगळी सरळव्याजाची गणितं असली की पाचव्या गणितानंतर मूल वाचतच नाही, आकडे सूत्रात टाकत जातं. रविवारी नफा-तोटा, सरळव्याज, गुणोत्तर यांतली दोन-दोन मिसळून द्या. चुका वाढतील, पण कोणती रीत लावायची हे मुलाला प्रत्येक गणित वाचून ठरवावं लागेल. वर्गात हे करायचं असेल, तर पालकांना आधी सांगून ठेवा; नाहीतर सोमवारी फोन येतो, ‘बाई, याचे मार्क एकदम कसे पडले?’

गुण आणि शेरा एकाच कागदावर

इस्रायलमध्ये रूथ बटलर या संशोधिकेने १९८८ मध्ये तपासलं : काही मुलांना फक्त गुण, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. सुधारणा दिसली ती फक्त शेरे मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेली मुलं ‘फक्त गुण’वाल्यांसारखीच राहिली. आपला अनुभव आठवा. उत्तरपत्रिका हातात आली की आधी कोपऱ्यातला आकडा, मग शेजारच्याचा आकडा, मग बेरीज चुकली आहे का ते. शेरा कोण वाचतं?

घटक चाचणीनंतर मी पेपर आधी बिनगुणांचा देते. कडेला फक्त ‘या पानावर तीन चुका आहेत, शोध’. गुण दुसऱ्या दिवशी. पहिल्या वर्षी पालकांनी तक्रार केली होती, आता करत नाहीत.

‘आम्ही कंदिलाच्या उजेडात शिकलो’

खरं असेल. मुलाला त्यातून फक्त एवढंच ऐकू येतं, की तुझी अडचण ही अडचणच नाही. सांगायचंच असेल तर तुम्हाला काय जमलं नव्हतं आणि मग तुम्ही काय केलंत, ते सांगा.

चिकाटी नाही म्हणण्याआधी

सहावीतली एक मुलगी फळ्यावरची गणितं उतरवताना आकडेच चुकवायची. मी तिला वर्षाचे तीन महिने ‘वेंधळी’ ठरवली होती. शाळेत डोळे तपासणी झाली, चष्मा लागला, चुका निम्म्यावर आल्या. ती पाठीमागच्या बाकावर बसायची आणि मी तिला कधी पुढे बसवून पाहिलं नव्हतं.

म्हणून यादी साधी ठेवा : डोळे, कान, झोप, सकाळी पोटात काही गेलंय का, वर्गात किंवा बसमध्ये कोणी छळतंय का. वाचायला मूल वयाच्या मानाने फार अडखळत असेल, तोंडी सगळं येतं पण लिहिताना अक्षरं उलटसुलट होत असतील, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा स्पष्ट समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असलेल्या मुलांना दहावी-बारावीला जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयात ही तपासणी होते. ‘मोठं झालं की सुटेल’ म्हणत चार वर्षं काढू नका. त्या चार वर्षांत मूल शिकतं ते एवढंच, की आपण ढ आहोत.

आणि मारणं. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. सगळ्या वर्गासमोर उत्तरपत्रिका वाचून दाखवणं कशात मोडतं, हे ज्याने-त्याने ठरवावं.

हवाई बेटांतल्या कावाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, आजारपण, मोडकळीला आलेली घरं अशा परिस्थितीत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं तरीही नीट उभी राहिली. त्यांच्या आयुष्यात किमान एक मोठं माणूस भरवशाचं होतं, आणि ते आईवडीलच होते असं नाही. आजी, शेजारीण, एखादे शिक्षक. वर्गात साठ मुलं असली, तरी ज्या चार-पाच जणांना घरी कोणी विचारणारं नाही, ती आपल्याला माहीत असतात. त्यांच्याशी रोज एक वाक्य अभ्यासाव्यतिरिक्त बोलायला जेमतेम मिनिटभर लागतं.

निकालाच्या दिवशी

२०२३-२४पासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली. नापास झालं तर पुनर्परीक्षा, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात. त्यामुळे दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या तोंडीही आता ‘नापास’ हा शब्द आलाय.

त्या संध्याकाळी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर काहीही टाकू नका. शेजारच्याचे टक्के काढू नका. मुलाने जेवण सोडलं, झोप उडाली, ‘मी नसतो तर बरं’ असं काही बोललं, तर ते नाटक समजू नका. जवळ बसा, त्याला एकटं सोडू नका आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलतात.

तसं काही नसेल, तर दोन दिवस जाऊ द्या. मग शाळेतून उत्तरपत्रिका बघायला मागा आणि मुलाला शेजारी बसवून चुकांचे तीन ढीग करा : कळलंच नव्हतं ते ३३५, थोडक्यात हुकलं ते २७५, घाईत गेलं ते २६६. नावं हीच ठेवली तरी चालेल, माझ्या वर्गात मुलं आता ‘बाई, माझं दोनशेपंचाहत्तर झालं’ असंच म्हणतात. पुनर्परीक्षेची तयारी २७५च्या ढिगापासून करा. तिथे बरंचसं मुलाला आधीच येत असतं, दोन-तीन दिवसांत ढीग कमी झालेला दिसतो, आणि मग ३३५च्या ढिगाला ते आपणहून हात घालतं. तो ढीग मोठा असेल, तर मागच्या इयत्तेचं पुस्तक काढा.