पोहे, शेव, जिलबी: पहिलं वेब पेज हातानं लिहिताना

सरावासाठी विषय शोधत बसू नका. इंदूरच्या सकाळच्या नाश्त्याचं पान करा: वर मथळा, खाली पोहे, शेव, जिलबी असे तीन भाग, प्रत्येकात एक फोटो आणि चार ओळी. आणि ते मराठीतच लिहा. इंग्रजी उदाहरणं गिरवणाऱ्याला देवनागरीच्या अडचणी भेटतच नाहीत, मग पहिल्या खऱ्या कामात तो अडतो.

एका फोल्डरात दोन फायली ठेवा, इंडेक्स डॉट एचटीएमएल (पानाचा मजकूर आणि रचना) आणि स्टाइल डॉट सीएसएस (पान कसं दिसावं ते). लिहायला व्हीएस कोड हा एडिटर घ्या, फुकट आहे. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना नावामागे डॉट टीएक्सटी चिकटतं आणि डबल क्लिक केल्यावर पानाऐवजी पुन्हा नोटपॅडच उघडतं.

पहिली ओळ डॉकटाइपची, म्हणजे हे एचटीएमएल आहे असं ब्राउझरला सांगणारी. मग हेडमध्ये, म्हणजे पानाविषयीच्या सूचनांच्या भागात, कॅरसेट (अक्षरं कशी साठवली ते), व्ह्यूपोर्ट (पडद्याची रुंदी) आणि टायटल. कॅरसेट यूटीएफ-८ लिहा. त्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटांत साठवतात. ब्राउझरनं ते बाइट सुटे वाचले की 'पोहे'च्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. व्ह्यूपोर्ट राहिला तर मोबाइल पानाला साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि सगळं मुंगीएवढं करून दाखवतो.

आता लँग, म्हणजे पानाची भाषा सांगणारी खूण. इंदुरात एखाद्या हिंदी पानाचा साचा उचललात तर एचटीएमएल टॅगमध्ये 'एचआय' असेल. तिथे 'एमआर' करा. फरक नेमका शेव आणि जिलबीत दिसतो. श आणि ल यांची मराठी वळणं हिंदीहून वेगळी आहेत, आणि नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टात दोन्ही असतात. कोणतं वळण काढायचं, हे लँगमधल्या 'एचआय' किंवा 'एमआर'वरून ठरतं. मजकुराला हात न लावता 'शेव' मराठी होते! हे एकदा स्वतः करून बघाच.

सीएसएसमध्ये सगळ्यात जास्त वेळ बॉक्स, म्हणजे प्रत्येक घटकाभोवतीची चौकट, खातो. जिलबीच्या चौकटीला विड्थ ३०० पिक्सेल, चारही बाजूंनी पॅडिंग (आतली मोकळी जागा) २० आणि बॉर्डर (कडेची रेघ) ५ दिलीत, तर चौकट ३०० ची राहत नाही, ३५० ची होते: ३०० अधिक ४० अधिक १०. अशा तीन चौकटी ९०० च्या जागेत मावत नाहीत आणि तिसरी खाली घसरते किंवा बाहेर डोकावते. फाइलच्या सुरुवातीलाच सगळ्या घटकांना बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स द्या, म्हणजे पॅडिंग आणि बॉर्डर त्या ३०० मध्येच धरली जातात. चौकटी एका ओळीत लावायला फ्लेक्स, आडवी-उभी दोन्ही मांडणी हवी तर ग्रिड. फ्लोट या जुन्या पद्धतीनं मांडणी करायला आता शिकू नका.

देवनागरीला लाइन-हाइट (ओळीची उंची) १.७ च्या आसपास ठेवा, नाहीतर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला भिडते. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) मात्र देऊच नका, शिरोरेषा तुटते.

सीएसएस चुकलं तरी ब्राउझर तक्रार करत नाही, ती ओळ मुकाट्यानं सोडून देतो. एक अर्धविराम राहिला की पुढची ओळही जाते. म्हणून ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून इन्स्पेक्ट, म्हणजे कोणत्या घटकाला कोणते नियम लागलेत ते दाखवणारी खिडकी, उघडं ठेवायची सवय लावा. खोडलेली ओळ दिसली की ती चुकीची आहे किंवा दुसऱ्या नियमानं तिला मागे टाकलंय. तिथे नियमाला जबरदस्तीनं जिंकवणारा इम्पॉर्टंट हा शब्द चिकटवून वेळ मारून नेऊ नका, कोणता नियम जिंकतोय ते शोधा. बदल दिसतच नसेल तर आधी कंट्रोल-एफ५ दाबून पान नव्यानं उघडा.

पान तयार झालं की गिटहब पेजेस या संकेतस्थळं ठेवायच्या सेवेवर फुकट चढवा. घरी दिसणारा जिलबीचा फोटो तिथे गायब झाला, तर फाइलचं नाव तपासा. विंडोजला जेपीजी मोठ्या लिपीत लिहिलं काय नि छोट्या लिपीत काय, सारखंच. त्या सर्व्हरला ती दोन वेगळी नावं वाटतात. सगळी नावं छोट्या लिपीत, मधे जागा न सोडता ठेवा.