घरात रोज दीड तास फोन बाजूला, कसं जमवायचं

सोशल मीडिया कमी करायचं ठरलं की आपण आधी इन्स्टा डिलीट करतो आणि चार दिवसांनी परत टाकतो, कारण एकट्याने ठरवलेलं मोडलं तर विचारणारं कुणी नसतं. म्हणून माझं तरी स्पष्ट मत आहे की हे घरातल्या सगळ्यांनी मिळून करा.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये हेच केलं. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी पोरांच्या हातात मोबाईल आले ते सुटेचनात, मग गावाने ठरवलं की संध्याकाळी ७ ला मंदिरावरचा भोंगा वाजला की टीव्ही मोबाईल बंद, ते ८:३० पर्यंत. आणि बंद म्हणजे मोठ्यांचेही, हे फार महत्त्वाचं आहे, आई सिरीयल बघणार बाबा रील्स बघणार आणि पोराला म्हणायचं अभ्यास कर, असं कोण ऐकेल?

आपल्याकडे भोंगा नाही, पण जेवणाची वेळ तर आहे. जेवणाच्या आधीपासून दीड तास धरा. वायफाय आणि डेटा बंद करा पण रिंग चालू ठेवा, म्हणजे कुणाचं अर्जंट असेल तर साधा कॉल येतोच, "ऑफिसचा फोन आला तर" हे कारण उरत नाही. फोन सगळे एकाच जागी, दुसऱ्या खोलीत, ताटाशेजारी उलटा ठेवलेला चालणार नाही, हात जातोच. पहिले काही दिवस पोरं चिडणार, "मग करू काय" म्हणणार, तेव्हा कॅरम काढा, शेंगा सोलायला बसवा, काहीही, पण हाताला काम द्या.

बाकी सेटिंग्ज पटकन सांगते. अँड्रॉइडला डिजिटल वेलबीइंग आणि आयफोनला स्क्रीन टाइममध्ये प्रत्येक अॅपला वेळ लावता येते. यूट्यूबची वॉच हिस्टरी बंद करून जुनी पुसली की होम पेजवर व्हिडिओच येत नाहीत, हे नक्की करा. सोसायटीचा आणि नातेवाईकांचा ग्रुप सोडला तर काकू रुसणार, त्यापेक्षा अर्काइव्ह करा, नवीन मेसेज आला तरी वर येत नाही. अलार्मला साधं घड्याळ आणा म्हणजे फोन उशाशी लागत नाही.

पूर्ण सोडायची गरज नाही हो. पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात कॉलेजच्या मुलांनी फेसबुक, इन्स्टा, स्नॅपचॅट रोज १०-१० मिनिटंच वापरलं तर ३ आठवड्यांत एकटेपणा आणि उदासी कमी झालेली दिसली.

पण फोन बाजूला ठेवूनही झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल तर ते नुसतं फोनचं नाही, सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर कॉल करा, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं आणि मराठीत बोलता येतं.