देशमुख, पण कोणते? एकाच आडनावाची घराणी वेगळी कशी ओळखावीत

जुन्या पत्रात किंवा कात्रणात नुसते ‘देशमुख’ आढळले, तर लगेच नाते जोडू नये. देशमुखी हे परगण्याचे वतन होते. ते ज्या घराकडे आले त्याचे मूळ आडनाव पुष्कळदा मागे पडले आणि हुद्दाच आडनाव झाला. त्यामुळे ब्राह्मण, मराठा, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू अशा निरनिराळ्या समाजांत देशमुख आहेत. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या घराण्याचे मूळ आडनाव सिद्धये होते. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना पहिला प्रश्न मूळ आडनावाचाच विचारावा.

त्यानंतर वडिलांचे नाव आणि मूळ गाव शोधावे. नेहरूंच्या मंत्रिमंडळात १९५२ ते १९५६ या काळात दोन देशमुख होते: अर्थमंत्री चिंतामण द्वारकानाथ, महाडजवळच्या नाते गावचे, आणि कृषिमंत्री पंजाबराव शामराव, अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. १९५४ सालच्या कात्रणात फक्त ‘देशमुख’ छापलेले असेल, तर मजकूर अर्थसंकल्पाचा आहे की शेतीचा, हे पाहिल्याशिवाय माणूस ठरवता येत नाही. स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे नाव अवश्य नोंदवावे. दुर्गाबाई देशमुख राजमहेंद्रीच्या, तेलुगू घरातल्या, आणि देशमुख झाल्या त्या १९५३ मध्ये चिंतामणरावांशी विवाह झाल्यावर.

गोत्र, देवक आणि कुलदैवत यांची मदत होते, परंतु एका गोत्रात अनेक कुळे असतात, तेव्हा तेवढ्यावर भाऊबंदकी सिद्ध होत नाही.

माझ्या मते सर्वांत मोलाचा पुरावा म्हणजे नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या. आडनाव आणि गाव सांगितले की उपाध्ये लांबट वही काढून आपल्या घराण्याचे पान उघडतात. त्यावर पूर्वी येऊन गेलेल्या माणसाने वडील, आजोबा, भाऊ, मुलगे यांची नावे लिहवून खाली सही केलेली असते. आपल्या पणजोबांच्या हातचे अक्षर तिथे पाहताना मन भरून येते, तरीही प्रत्येक नाव शांतपणे उतरवून घ्यावे, कारण दोन घराण्यांचा सांधा बहुधा चुलत भावांच्या नावांत सापडतो. जुन्या नोंदी मोडीत असल्याने मोडी वाचणारा जाणकार सोबत असावा. परतण्यापूर्वी स्वतःची नोंदही करावी, आणि तीत मूळ आडनाव, गाव व तालुका न विसरता लिहावा.